मीटर रूम जळाली, वीज गेली, बिल मात्र आलंच: आता काय करायचं?

आमच्या इमारतीची मीटर रूम जळाली त्याला अठरा दिवस झाले होते. जिन्यात अजून धुराचा वास होता. पंप बंद, लिफ्ट बंद, चौथ्या मजल्यावरचे काका रोज बादली घेऊन खाली येत होते. अशात मोबाईलवर बिल आलं: १८० युनिट. मी तेव्हा सोसायटीची सचिव होते. कार्यालयात गेले तर समोरचे साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, सिस्टीमला मीटर फॉल्टी दिसतंय, ॲव्हरेजच पडणार."

ते खोटं बोलत नव्हते. बिल काढणाऱ्या यंत्रणेला आग दिसत नाही, रीडिंग आलं की नाही एवढंच दिसतं. रीडिंग आलं नाही की ती मागची सरासरी लावून मोकळी होते. त्यामुळे वीज कधी बंद झाली आणि कधी परत आली, या दोन तारखा कागदावर आणणं हे तुमचं काम आहे. पुढचा सगळा हिशेब या तारखांवरच उभा राहतो. पुढे लिहिलं आहे ते महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकांसाठी आहे. तुमची वीज महावितरणची असो, बेस्टची, अदानीची किंवा टाटाची. बिलांचे नियम राज्य वीज नियामक आयोगाचे असल्यामुळे सगळ्यांना तेच लागू होतात.

पहिला दिवस: आग विझल्यावर लगेच

अग्निशमन दलाने जागा सुरक्षित आहे असं सांगेपर्यंत मीटर रूममध्ये कुणी शिरायचं नाही. "मेन स्विच तेवढा पाडून येतो" म्हणणारा एक उत्साही माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला दोघांनी धरून ठेवा. अर्धवट जळालेल्या बसबारमध्ये, म्हणजे सगळ्या मीटरना वीज वाटणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्यांत, वीज असू शकते आणि ओल्या फरशीवर उभं राहून ती तपासायची नसते.

परवानगी मिळाली की आधी फोटो काढा, साफसफाई मागून. एक फोटो संपूर्ण पॅनेलचा हवा आणि मग प्रत्येक मीटरचा जवळून एक. काच काळी पडली असली तरी मीटर क्रमांकाची पट्टी बऱ्याचदा वाचता येते. क्वचित आकडाही दिसतो, आणि एखाद्या मीटरचा शेवटचा आकडा मिळाला तर त्या घराचा अर्धा वाद तिथेच संपतो. फोटोत तारीख-वेळ येईल असं करा. राख आणि जळालेले मीटर भंगारवाल्याला देऊ नका. मीटर कंपनीची मालमत्ता असतात आणि आगीचं कारण शोधताना तेच पुरावे ठरतात.

त्याच दिवशी कंपनीकडे तक्रार नोंदवा. महावितरणसाठी १९१२, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे क्रमांक आहेत. सोसायटीची एकच तक्रार पुरत नाही. प्रत्येक फ्लॅटधारकाने स्वतःच्या ग्राहक क्रमांकावर वेगळी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. कंपनीच्या लेखी "इमारत" नावाचा ग्राहकच नसतो. बत्तीस घरं म्हणजे बत्तीस ग्राहक आणि वर जिना-लिफ्ट-पंपाचं सामायिक मीटर. आम्ही पहिल्यांदा सोसायटीच्या लेटरहेडवर एकच अर्ज दिला होता. तो सामायिक मीटरच्या फाइलीला लागला आणि बत्तीस घरांच्या खात्यांवर काहीच नोंद झाली नाही. यात आमचा एक महिना गेला.

तारखेचा पुरावा कुठून आणायचा

वीज गेल्याच्या तारखेचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे अग्निशमन दलाचा अहवाल. आग लागल्याची वर्दी किती वाजता आली, गाड्या केव्हा पोहोचल्या आणि आगीचं संभाव्य कारण काय, हे त्यात असतं. महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे सोसायटीच्या नावाने अर्ज करून तो मिळवा. विम्यालाही तोच लागतो, म्हणून साक्षांकित प्रती जास्त घ्या. पोलिसांत नोंद झाली असेल तर पंचनाम्याची प्रतही घ्या. आगीत कुणी जखमी किंवा मृत झालं असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार सरकारी विद्युत निरीक्षकाला सूचना जाते आणि त्याच्याकडून अपघाताची चौकशी होते. तो अहवालही मागवता येतो.

वीज परत आल्याच्या तारखेचा पुरावा म्हणजे मीटर बदली अहवाल. नवा मीटर बसवताना लाइनमनकडे हा कागद असतो: जुन्या मीटरचा क्रमांक, त्याचं शेवटचं रीडिंग (नसेल तर तसा शेरा), नव्या मीटरचा क्रमांक, सुरुवातीचं रीडिंग, तारीख आणि सही. बत्तीस मीटर बसवायची घाई असते, त्यामुळे हा कागद "नंतर देतो" या सदरात जातो. तेव्हा दारात उभं राहा, भाऊंना चहा द्या आणि निदान त्या कागदाचा फोटो तरी घ्याच.

जुना मीटर स्मार्ट असेल तर काम सोपं होतं. त्याची रीडिंग कंपनीच्या सर्व्हरवर जात असतात, म्हणजे मीटर जळाला तरी शेवटचं पोहोचलेलं रीडिंग शिल्लक असतं. ते लेखी मागा. साधा मीटर असेल तर मागच्या बिलावरचा मीटरचा फोटो आणि "चालू रीडिंग" हाच तुमचा आरंभबिंदू.

पुरवठा परत आणताना बिलाला नडणाऱ्या गोष्टी

केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार जळालेला मीटर शहरात २४ तासांत आणि ग्रामीण भागात ७२ तासांत बदलायला हवा. एखाद्या घराचाच मीटर जळाला असेल तर या नियमावर बोट ठेवून जरूर भांडा. अख्खी मीटर रूम गेली असेल तर मात्र एवढ्यात काही होत नाही. मीटर लावायला आधी जागा लागते, म्हणजे पॅनेल, बसबार, कटआऊट (फ्यूज) आणि वर जाणाऱ्या केबल. यातलं बरंचसं सोसायटीलाच करावं लागतं. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या, कारण शेवटी कंपनी त्याचाच टेस्ट रिपोर्ट मागते. आगीची झळ घरातल्या वायरिंगलाही लागलेली असू शकते, म्हणून प्रत्येक घराची मेगर टेस्ट (वायरचं इन्सुलेशन शाबूत आहे का याची तपासणी) त्याच वेळी उरकून घ्या. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल आणि पुरवठा सहा महिने किंवा जास्त बंद राहिला तर विद्युत निरीक्षकाला आगाऊ नोटीस देण्याची वेगळी पायरी येते. काम रखडण्याची चिन्हं दिसली तर ही सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा.

मधल्या काळात सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "तात्पुरतं डायरेक्ट करून देतो." मीटरशिवाय वायर जोडून घेतलेली वीज वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकते. मग दुप्पट दराने आकारणी होते आणि वापराचा काळ ठरवता आला नाही तर ती बारा महिन्यांपर्यंत मागे जाते. प्रकरण कलम १३५ खाली गेलं तर ती चोरीच. म्हातारी माणसं, आजारी माणसं असली की मन विरघळतं, मला कळतं. पण वायरमनने परस्पर जोडून दिलं असेल तर उद्या तो तुमच्या बाजूने बोलायला येणार नाही. कंपनीने स्वतःहून थेट पुरवठा दिला तर तसं लेखी घ्या. आणि हे मान्य करा की त्या दिवसांचं सरासरी बिल योग्यच आहे: वीज वापरली, फक्त मोजली गेली नाही.

दुसरा पर्याय म्हणजे सोसायटीच्या नावाने रीतसर तात्पुरती जोडणी घेऊन तिच्यावरून घरांना थोडी थोडी वीज देणं. इथे खड्डा स्लॅबचा आहे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि पुढे आणखी वरचा. बत्तीस घरं एका मीटरवर आली तर पाचशेचा आकडा काही दिवसांतच ओलांडला जातो आणि उरलेला सगळा वापर वरच्या दरात जातो. जोडणी घेण्याआधीच कोणत्या वर्गवारीत आणि कोणत्या दराने बिल येणार, हे लेखी विचारा. शिवाय प्रत्येक घराला साधा उपमीटर लावा, नाहीतर बिल वाटताना सभेत दुसरी आग लागेल.

नवा मीटर आला. तो तुमच्याच घराचा आहे का?

ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत आणि मग वर्षभर शेजाऱ्याचं बिल भरतात. एका दिवसात तीस-चाळीस मीटर बसतात तेव्हा केबलींची अदलाबदल सहज होते. आमच्याकडे दोन जोड्या उलट्या लागल्या होत्या. त्यातल्या एका घरात दोन एसी होते आणि दुसऱ्या घरात एकट्या आजी. आजींचं बिल आलं आणि त्या मला म्हणाल्या, "अगं, मी तर संध्याकाळी दिवासुद्धा उशिरा लावते."

दोघं जण लागतात. एकाने खाली मीटरजवळ उभं राहायचं, दुसऱ्याने घरातला मेन बंद करायचा. मीटरवरचा लुकलुकणारा छोटा दिवा थांबला पाहिजे. मग मेन चालू करून गीझर लावायचा: त्याच मीटरचा दिवा झपाझप लुकलुकायला हवा. २ किलोवॅटचा गीझर पंधरा मिनिटं सलग चालला तर अर्धं युनिट होतं, म्हणजे मीटर जास्त पळतो आहे का तेही कळतं. पाणी आधीच गरम असेल तर गीझर मध्येच बंद होतो, म्हणून हे सकाळी लवकर करा. शेवटी मीटर क्रमांक आणि फ्लॅट क्रमांक यांची यादी करून मीटर रूमच्या दारावर चिकटवा आणि एक प्रत कंपनीला द्या.

मीटर बसला म्हणजे तो बिलाच्या यंत्रणेत चढला असं नाही. पुढच्या बिलावर नवा मीटर क्रमांक आहे का, पाहा. जुनाच क्रमांक आणि रीडिंगच्या जागी "फॉल्टी" दिसलं, तर बदली अहवाल कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे.

आता हिशेब

समजा, शेवटचं रीडिंग ५ मार्चला झालं. आग २२ मार्चच्या रात्री लागली आणि नव्या मीटरवर वीज ८ एप्रिलला आली. मागच्या बारा महिन्यांचा वापर २,१६० युनिट, म्हणजे महिन्याला १८० आणि दिवसाला साधारण ६.

५ ते २२ मार्च या १७ दिवसांचा अंदाजी वापर १७ × ६ = १०२ युनिट. २२ मार्च ते ५ एप्रिल या काळात वीजच नव्हती, म्हणून शून्य. ५ ते ८ एप्रिलही शून्य. तिथून पुढे नव्या मीटरचं खरं रीडिंग. म्हणजे ५ एप्रिलच्या बिलात १०२ युनिट यायला हवीत. यंत्रणा १८० लावते. जास्तीची ७८ युनिटं पूर्णपणे १०१ ते ३०० या महाग टप्प्यात पडतात, त्यामुळे रुपयांतला फरक युनिटांच्या फरकापेक्षा मोठा दिसतो.

कार्यालयात इथेच शब्दांची गल्लत होते. मीटर बंद पडला तर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर, जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल काढायची तरतूद आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेत आहे आणि ते साहेब तिच्यावरच बोट ठेवतात. पण ती तरतूद वीज वाहत असताना मीटर मोजत नव्हता अशा काळासाठी आहे. तारच जळालेली असताना वापर होणं शक्य नाही. हा एकच मुद्दा धरून ठेवा. आमचं भाडं, हॉटेलचं जेवण, फ्रीजमधलं सडलेलं सामान या गोष्टी कितीही खऱ्या असल्या तरी बिलाच्या अर्जात घालू नका. त्या विम्याच्या दाव्यात जातात.

दुसरा मोठा धक्का तीन-चार महिन्यांनी बसतो. तोवर सरासरी बिलं येत राहतात. मग एक दिवस नवा मीटर यंत्रणेत चढतो आणि साठलेली सगळी युनिटं एकाच बिलात येतात. समजा चार महिन्यांची ६४० युनिटं आली. ती एका महिन्याची धरली तर ३४० युनिटं तीनशेच्या वरच्या दरात जातात. खरं तर महिन्याला १६० युनिटच आहेत: पहिली ४०० युनिटं पहिल्या टप्प्यात आणि २४० दुसऱ्यात यायला हवीत. अशा बिलाला "स्लॅबचा लाभ चार महिन्यांत विभागून द्यावा" असं नेमकं लिहा. आधी भरलेल्या सरासरी बिलांची वजावट झाली आहे का, तेही त्याच बिलात पाहा.

स्थिर आकाराचं, म्हणजे वापर कितीही असो दरमहा लागणाऱ्या ठरावीक रकमेचं काय? युनिट शून्य असलं तरी जोडणी चालू असेपर्यंत तो लागतो. अंधाराच्या दिवसांचा स्थिर आकार माफ करा असं अर्जात मागायला हरकत नाही, पण माझ्या मते यावर फार शक्ती घालवू नये. नुकसानभरपाईचंही तसंच. पुरवठा उशिरा सुरू केल्याबद्दल भरपाईचे मापदंड आहेत, पण कंपनीच्या यंत्रणेला बाधा आणणारी आग त्यातून वगळण्याच्या कारणांत मोडते. आग मुळात कंपनीच्या बाजूने लागली असा निष्कर्ष अहवालात असेल तरच त्या वाटेने जा.

नव्या मीटरची किंमत मात्र विचारून घ्या. एरवी मीटरची किंमत पुन्हा घेता येत नाही, पण जळालेला मीटर त्याला अपवाद आहे. बिलात ती रक्कम आली आणि आगीचं मूळ सर्व्हिस केबलच्या (कंपनीकडून इमारतीत येणाऱ्या केबलच्या) बाजूला असेल, तर अग्निशमन अहवालाची प्रत लावून ती परत मागा.

अर्ज असा लिहा

लांबण नको. आम्ही बत्तीस घरांसाठी वापरलेला मजकूर हा:

"प्रति, मा. सहायक अभियंता. विषय: आगीमुळे वीजपुरवठा बंद असलेल्या काळाचे बिल दुरुस्त करण्याबाबत. ग्राहक क्र. …, जुना मीटर क्र. …, नवा मीटर क्र. ….
महोदय, दि. … रोजी रात्री … वाजता आमच्या इमारतीच्या मीटर रूमला आग लागून वरील मीटर जळाला. तेव्हापासून दि. … पर्यंत माझ्या घरी वीजपुरवठा पूर्णपणे बंद होता. दि. … च्या बिलात या काळाची … युनिट सरासरीने आकारली आहेत. कृपया आगीपूर्वीच्या … दिवसांचीच आकारणी करून, वीज बंद असलेल्या काळाचा वापर शून्य धरून सुधारित बिल द्यावे. सोबत: अग्निशमन अहवाल, मीटर बदली अहवाल, मागील १२ महिन्यांचा वापर, तक्रार क्रमांक. बिल दुरुस्त होईपर्यंत पुरवठा खंडित करू नये ही विनंती."

दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्या. व्हॉट्सॲपवर साहेबांनी पाठवलेला अंगठा ही पोच नव्हे.

तोवर बिल भरायचं का?

आधी बँकेतून आपोआप होणारी वजावट थांबवा. चुकीचं बिल एकदा परस्पर भरलं गेलं की दुरुस्तीची घाई फक्त तुम्हाला उरते. त्यानंतर बिलाकडे पाठ फिरवून बसू नका, कारण थकबाकीवर आकार चढतो आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर पुरवठा तोडता येतो. वीज कायद्याच्या कलम ५६ मध्येच यावर सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी आकाराएवढी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती "निषेध नोंदवून" भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. भरताना "वादग्रस्त बिल, निषेधासह भरणा" असं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

रीडिंगशिवायची बिलं दोन फेऱ्यांपेक्षा जास्त येत राहिली तर खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत पैसे भरायला नकार देता येतो, असं केंद्राच्या त्याच २०२० च्या नियमांत आहे. मात्र नैसर्गिक आपत्तीसारख्या असाधारण परिस्थितीला ते लागू नाही आणि आगीला कंपनी त्यात बसवू पाहील. म्हणून मला निषेधासह भरण्याचा रस्ता जास्त सुरक्षित वाटतो.

ऐकलंच नाही तर

उपविभागात काम झालं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. वकील लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे यावं लागतं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. प्रत्येक घराचा अर्ज वेगळा असला तरी आगीचा अहवाल आणि तारखांचा तक्ता एकच असू द्या. बत्तीस जणांनी बत्तीस वेगवेगळ्या वेळा सांगितल्या तर समोरच्याला उत्तर शोधायची गरजच राहत नाही.

बंद फ्लॅट विसरू नका

प्रत्येक इमारतीत दोन-तीन फ्लॅट कुलूपबंद असतात. मालक पुण्याला मुलाकडे नाहीतर अमेरिकेत. मीटर बदलताना त्यांच्या घरात कुणी नसतं, गीझरची तपासणी होत नाही, आणि बिलं कुठल्या तरी जुन्या ईमेलवर जमा होत राहतात. सचिवाने त्यांच्याकडून आधीच अधिकारपत्र मागवून अर्जात त्यांनाही धरावं. मागच्या बारा महिन्यांचा शून्याजवळचा वापर हा त्यांचा सगळ्यात चांगला पुरावा असतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला आगीनंतर दोन महिने दीडशे युनिटं लागली होती. मालक न्यू जर्सीत, किल्ली माझ्याकडे. मेन उघडून पाहिला तर तो चार वर्षांपासून खाली पाडलेला होता. त्या धूळ बसलेल्या स्विचचा फोटो अर्जाला जोडला आणि ते बिल सगळ्यात आधी दुरुस्त होऊन आलं.